मोगरी काढण्याचा मान

ज्या गावात माझं कॉलेजचं शिक्षण झालं, त्या गावाच्या चौकात आता फायबरचा एक भगत उभा आहे. धोतर, उघडी छाती, कपाळभर मळवट आणि झुपकेदार मिशा. कमरेला दोर, दोराला बांधलेल्या बारा बुटक्या बैलगाड्या. दिवेलागणीला त्याच्यावर आधी लाल उजेड पडतो, मग हिरवा, मग जांभळा. कावीळ आणि गोवर एकाच वेळी झाल्यासारखा तो दिसतो. खाली काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत मजकूर कोरलेला आहे. तो मजकूर माझा आहे. चांगला लिहिला आहे. खोटं लिहिताना माझा हात जरा जास्तच सफाईने चालतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

खान्देशाबाहेरच्या वाचकाला बारागाड्या ठाऊक नसतील, म्हणून सांगतो. यात्रेच्या दिवशी बारा बैलगाड्या एकामागे एक बांधतात. बैल जुंपत नाहीत. गाड्यांमध्ये गावातली माणसं दाटीवाटीने बसतात आणि नवस बोललेला भगत त्या एकट्याने ओढतो. एकट्याने म्हणजे त्याला दोन्ही बगलांत धरणारे असतात, मागून अर्धं गाव लोटत असतं. पण मान भगताचा. या गाड्यांना ब्रेक नसतो. थांबवायच्या तर चाकाखाली लाकडाची पाचर सारावी लागते. लांब दांड्याच्या त्या पाचरीला आमच्याकडे मोगरी म्हणतात. मोगरीवाला चाकाशेजारून पळत असतो. भगताचा फोटो निघतो, मोगरीवाल्याचा निघत नाही. आमच्या त्या गावात त्याला एकच मान होता: त्याने लावलेली मोगरी दुसऱ्याने काढायची नाही. त्याला काही झालंच, तर त्याच्या घरच्याने काढायची.

आता आमची गोष्ट.

आम्ही सरकारी वसतिगृहात राहायचो. गळकं होतं, ढेकणांचं होतं, पण फुकट होतं. तापीच्या दोन्ही तीरांवरची, सातपुड्याच्या पायथ्याची आणि थेट धुळ्याकडची पोरं त्या चार भिंतींमुळे शिकत होती. एक दिवस हुकूम आला की इमारत राहण्यास धोकादायक आहे, मुलांनी आठवड्याभरात जागा सोडावी. मुलं आपली सोय करतील, असंही त्यात लिहिलं होतं. ही सोय म्हणजे घरी जाऊन गुरं राखणं, हे लिहिणाऱ्यालाही माहीत होतं. मागाहून कळलं, तिथे एका खात्याची कचेरी येणार होती. मुलांच्या डोक्यावर पडू शकणारं ते छत साहेबांच्या डोक्यावर मात्र पडणार नव्हतं. सरकारी छतालाही माणूस ओळखता येतो.

आम्ही ठरवलं की सगळा संसार उचलून तालुक्याच्या मोठ्या कचेरीसमोर मांडायचा. पत्र्याच्या पेट्या, खाटा, स्टोव्ह, पातेली, सगळं. तिथेच राहायचं, तिथेच अभ्यास करायचा. त्यासाठी गाड्या हव्या होत्या. आसपासच्या शेतकऱ्यांनी गाड्या दिल्या, बैल दिले नाहीत.

"गाड्या घेऊन जा," एक नाना म्हणाले, "बैल नाही भेटणार."

"का हो नाना? आमच्यावर भरोसा नाही?"

"तुमच्यावर आहे रे, पोलिसावर नाही. तुले काठी बसली तं तू चार दिवसांत उभा राहशील. बैल बिथरला तं माझी पेरणी गेली."

यावर माझा खोलीतला जोडीदार खदखदून हसला. तो धुळ्याजवळच्या एका खेड्यातला. आईबाप लहानपणी गेले, मोठ्या बहिणीने वाढवलेला. गणितात हुशार आणि जिभेला हाड नसलेला. हसता हसताच तो म्हणाला, "बैल नाहीत म्हणजे या बारागाड्याच झाल्या की!" आणि एकदम गप्प झाला. त्याला युक्ती सुचली होती.

तेव्हा तालुक्यात जमावबंदी लागू होती. मोर्चाला परवानगी नव्हती. देवाला मात्र जमावबंदी नसते. त्याने अर्ज केला: आम्ही विद्यार्थ्यांनी नवस बोलला आहे, तो फेडण्यासाठी बारागाड्या ओढायच्या आहेत, तरी धार्मिक कार्यक्रमास परवानगी मिळावी.

"नवस कसला रे?" ठाण्यातल्या साहेबांनी विचारलं होतं.

"पास होण्याचा, साहेब."

"आधीच फेडता?"

"देवाचा भरोसा नाही साहेब, ॲडव्हान्स दिलेला बरा."

ठाणं हसलं आणि परवानगी मिळाली. त्या दिवशी खोलीवर आम्ही त्याला खांद्यावर घेऊन नाचलो. त्या वयात सरकारला फसवल्याचा आनंद पहिल्या वर्गापेक्षा मोठा असतो. सरकारकडे एक गोष्ट असते आणि विद्यार्थ्याकडे ती नसते, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही. सरकारला घाई नसते.

गावच्या खऱ्या भगताकडे आम्ही गेलो, तर ते संतापले. देवाच्या दोराला राजकारण बांधायचं नाही, म्हणाले. त्यांची मुलगी आमच्याच वर्गात होती. ती आतून आली आणि वडिलांसमोर उभी राहून म्हणाली, "मग मी बांधते."

"बाईमाणसानं दोर बांधला तर देव कोपेल."

"कोपू दे. त्याला राहायला देऊळ आहे. यांना कुठे आहे?"

भगत उठून मागच्या दाराने निघून गेले. तो होकार समजायचा, असं तिनेच आम्हाला सांगितलं.

होळी नुकतीच झाली होती. दुपारच्या उन्हात बारा गाड्या निघाल्या. पुढे कमरेला दोर बांधलेली ती, बगलांत दोन दणकट पोरं, चाकाशेजारी मोगरी घेऊन माझा जोडीदार. मी मधल्या एका गाडीत पेट्यांच्या राशीवर बसलो होतो, पेट्या पडू नयेत म्हणून. लोक गुलाल टाकत होते. म्हाताऱ्या बाया खाटांना, स्टोव्हला हात लावून नमस्कार करत होत्या. आम्ही "वसतिगृह आमच्या हक्काचं" म्हणायचो आणि त्या "चांगभलं" म्हणायच्या. सगळं एकमेकांत छान मिसळून गेलं होतं. इतकं, की पुढे ते वेगळं करणं आम्हालाच जमलं नाही.

नाल्याच्या पुलाकडे रस्ता उतरतो. तोवर वरून कुणीतरी ठाण्याला विचारलं असावं की देवाच्या गाडीत स्टोव्ह कशाला. पोलीस पुलावर उभे होते. पुढच्यांवर काठ्या बसल्या. बगलेतली पोरं पांगली. तिला पांगता येईना, दोर कमरेला गाठ मारून बांधलेला. आणि मागे बारा गाड्या उतारावर. आमच्या पेट्यांच्या, खाटांच्या आणि आमच्या वजनासकट.

त्याने मोगरी लावली. पहिली गाडी थांबली, दोर बांधलेल्या त्या मुलीच्या पाठीपासून हातभर अंतरावर. दुसरी गाडी वळून अंगावर आली तेव्हा तो दोन गाड्यांच्या मध्ये होता.

मी पेट्यांवरून उडी मारून पुढे पळालो तेव्हा सगळं झालं होतं. मी काही चुकीचं केलं नव्हतं. मी फक्त त्या वजनात होतो. ही गोष्ट मला वकिलासारखी मांडता येते, पण तिने आराम पडत नाही.

त्याला नेलं. गाड्या पुलावरच राहिल्या. रस्ता मोकळा करायचा म्हणून पोलिसांनी माणसं बोलावली, तर गावातला एकही माणूस मोगरीला हात लावेना. शेवटी साहेबांनी आपल्याच शिपायाला सांगितलं. तो शिपाईही याच पट्ट्यातला निघाला. खाली बघत म्हणाला, "साहेब, ती त्याच्या घरच्यानंच काढायची." रस्ता तसाच तुंबला. दुसऱ्या दिवशी धुळ्याकडच्या बसने त्याची बहीण आली. आम्ही तिला अक्का म्हणायचो, कारण तो म्हणायचा. अक्का बसमधून उतरून थेट निघाली. पुलावर गेली, वाकली, मोगरी उपसली, पदरात गुंडाळली आणि भावाला घेऊन गावी गेली.

चौकशी झाली. निष्कर्ष सोपा होता. धार्मिक कार्यक्रम, उतार, निष्काळजीपणा, अपघात. मोर्चा नव्हताच, कारण मोर्चाला परवानगीच नव्हती. लाठीमार नव्हता, कारण धार्मिक कार्यक्रमात लाठीमार कशाला होईल? पुरावा म्हणून अर्ज होता, त्याच्याच वळणदार अक्षरातला. आम्ही सरकारला फसवायला जो बुरखा शिवला होता, तो सरकारने सावकाश घडी घालून आमच्या मित्राच्या तोंडावर पांघरला.

नंतर आम्ही चौकात एक दगड बसवला. त्यावर त्याचं नाव आणि "विद्यार्थी" एवढंच कोरलं होतं. रस्ता रुंद करताना तो उचलला. सुरक्षित ठेवला आहे, असं सांगतात. कुठे ते विचारलं की ज्याला विचारतो त्याची बदली झालेली असते. वसतिगृहाची इमारत काही वर्षं कचेरी म्हणून वापरून पाडली. पाडताना पोकलेनचा दात मोडला, एवढी ती धोकादायक होती.

मी प्राध्यापक झालो. जळगावला नोकरी, पिंप्राळ्यात घर, गॅलरीत तुळस, पार्किंगमध्ये स्कूटर. विषय लोकसंस्कृती. बारागाड्यांवर माझे लेख आहेत, भाषणं आहेत. त्यांत चाकाचा व्यास सापडेल, दोर वळण्याची पद्धत सापडेल, तो सापडणार नाही. दरवर्षी म्हणायचो, पुढच्या लेखात घेऊ.

मग साहेब आले. हे साहेब काठीवाले नव्हेत. काठीवाल्या साहेबांचे दिवस गेले, आता संस्कृतीवाले साहेब येतात. गोड बोलतात, पायाही पडतात. चौकाचं सुशोभीकरण करायचं होतं, समिती नेमायची होती, आणि मी "या विषयातले शेवटचे शब्द" होतो. असं ते म्हणाले आणि मी चहा सांडला. घरासमोर सरकारी गाडी उभी राहिली तेव्हा कॉलनीतल्या लोकांनी बघावं म्हणून मी मुद्दाम चष्मा विसरलो आणि परत आत गेलो. इतका स्वस्त माणूस शोधायला साहेबांना फार हिंडावं लागलं नाही.

समितीची बैठक फैजपूरकडच्या एका केळीच्या बागेत झाली. बैठक म्हणजे भरीत पार्टी. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत होती, कळण्याच्या भाकरी थापल्या जात होत्या आणि साहेब हातात भाकरी घेऊन इतिहास ठरवत होते. भगताचा पुतळा ठरला. लाइट ठरले. सेल्फी पॉइंट ठरला. एक सदस्य म्हणाले कारंजंही हवं. नाल्याला पाणी नाही तर निदान चौकात तरी दिसेल.

मी घसा खाकरला. "साहेब, तिथे आमच्या वेळी एक पोरगा गेला होता."

"माहीत आहे ना, सर. घ्या ना. घ्याच!" साहेब भरिताचा घास वळत म्हणाले. "बलिदानाचा अँगल पाहिजेच. फक्त पॉझिटिव्ह ठेवा. काठ्या, पोलीस, ते काही नको. पर्यटक फॅमिली घेऊन येतात."

"पण तो विद्यार्थी..."

"तरुण म्हणा ना. तरुणात विद्यार्थी आलाच."

बाकीच्या सदस्यांनी माना हलवल्या. तोंडं भरलेली होती, तेव्हा मानाच हलणार.

मी घरी येऊन लिहिलं: "याच ठिकाणी परंपरेचे रक्षण करताना एका तरुण भाविकाने बारागाड्यांच्या चरणी आपले प्राण अर्पण केले." साहेबांना फोनवर वाचून दाखवलं. "वा सर! अंगावर काटा आला," ते म्हणाले. मागून वांग्याचं आणखी एक ताट मागवल्याचा आवाज आला. माझ्याही अंगावर काटा आला, पण खोटं सांगत नाही, त्यात थोडा आनंदही होता. वाक्य तोललेलं होतं.

पुतळ्याचं चित्र आणि खालचा मजकूर वर्तमानपत्रात छापून आला त्या दिवशी धुळ्याहून फोन आला. ती होती, भगताची मुलगी. आता शाळेत मुख्याध्यापिका आहे. पुलावर त्या दुपारी दोराने तिच्या कमरेचं हाड दुखावलं, ते अजून थंडीत बोलतं. आमच्यातली ती एकटीच माझ्याशी अजून कॉलेजातल्यासारखी बोलते.

"पेपर बघितला रे. माझ्या जागी कोण उभा केलाय?"

"भगत आहे तो. प्रातिनिधिक."

"प्रातिनिधिक मिशा आहेत का त्या?"

मी हसण्याचा प्रयत्न केला.

"हसू नको. मजकूर कुणाचा? त्यात 'चरणी' आहे, म्हणजे तुझाच. बारागाड्यांना चरण असतात का रे? चाकं असतात."

"समितीने ठरवलं..."

"समिती! अरे, भरताच्या वांग्यालासुद्धा भाजताना चटका बसतो. तुला काहीच होत नाही?" आणि तिने फोन ठेवला.

मला झालं होतं. पण जे झालं त्याचं मी काही केलं नाही. आणि तेवढ्यात साहेबांना नवी कल्पना सुचली. त्यांना मोगरी हवी होती. खरी, तीच. काचेच्या पेटीत ठेवायला. "ओरिजिनल वस्तू असली की जागेला वजन येतं, सर. त्यांच्या बहिणीशी तुमची ओळख आहे म्हणे. गाडी पाठवतो." वजनाचं मला कुणी सांगायला नको होतं. तरी मी गेलो. एरंडोल, पारोळा मागे टाकत सरकारी गाडीने धुळ्याकडे. ड्रायव्हर वाटभर विचारत होता, सर, तिकडे देवीचं ठिकाण आहे का?

अक्काचं घर गावाच्या टोकाला. केस पांढरे झालेले, पाठ ताठ. मोगरी दाराशी होती. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तिने ती खाली लावून ठेवली होती. ना हळद, ना कुंकू, ना हार. मी चहा घेतला, इकडचं तिकडचं बोललो आणि मग आलो मुद्द्यावर. चौक सुंदर होणार आहे, भावाची आठवण राहणार आहे, काचेची पेटी असेल.

"काय लिखं तठे त्याना बद्दल?" तिने विचारलं.

माझा मजकूर मला पाठ होता. म्हणून दाखवला. वर्गात म्हणतो तसा, थांबे घेत.

अक्काने माझी रिकामी कपबशी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "भाविक? अरे, परीक्षाना दिन बी त्यानी कधी नारय फोडं नही."

"तसं नाही अक्का, म्हणजे व्यापक अर्थाने..."

"तो शिकाले जायेल व्हता. ऱ्हावाले जागा मांगे. इतलंच लिखता उनं नही तुले? इतला मोठा मास्तर तू."

 तिने मोगरीवर पाय ठेवला, हलकेच, जसा कुत्र्याच्या पाठीवर ठेवतात.

"लई जाशी तू. पन लावशी कोठे? काचमां?" ती म्हणाली. "त्यानी लायी, मी काढी. आते जठे गाडी थांबाडानी व्हई, तठेच लागी ती."

मोगरी काचेत जाणार नव्हती; जिथे गाडी थांबवायची, तिथेच ती लागणार होती. दार तसंच उघडं होतं. ज्या माणसाला तिने पुरतं ओळखलं होतं, त्याला जाताना तिने शेवया बांधून दिल्या. त्या मी मांडीवर घेऊन परत आलो.

साहेबांना मी सांगितलं, त्या देत नाहीत. साहेबांना काडीचंही वाईट वाटलं नाही. एका फर्निचरवाल्याकडून त्यांनी मोगरी करून घेतली. सागवानी, पॉलिश मारलेली, दांडा इतका आखूड की चाकाखाली लावायला गेलं तर आधी हात जाईल. काचेच्या पेटीवर पाटी आली: "मूळ मोगरी."

"साहेब, ही मूळ नाही. आणि दांडाही चुकलाय."

"सर, ती चाकाखाली थोडीच लावायचीय?"

मी धीर गोळा केला. मजकूर बदलायला सांगितलं. विद्यार्थी लिहा, वसतिगृह लिहा, लाठीमार लिहा. साहेब मुळीच चिडले नाहीत. त्यांनी फाइल मागवली आणि प्रेमाने हसत माझ्यासमोर अर्जाची प्रत ठेवली. तेच वळणदार अक्षर. "बघा सर. रेकॉर्डला बारागाड्याच आहेत. त्याच्याच सहीने. आम्ही काहीएक बदललेलं नाही. उलट तुम्हीच आम्हाला बदलायला सांगताय."

चाळीस पिढ्यांचा कारकून त्या हसण्यात होता. मी उठलो आणि म्हणालो, "निदान मजकुराखालचं माझं नाव काढा."

ते लगेच काढलं. साहेबांना काय, कोरायची अक्षरं कमी झाली. मजकूर तसाच राहिला. मी बाहेर येऊन स्कूटरवर बसलो आणि घरी पोहोचेपर्यंत स्वतःला निषेध नोंदवणारा माणूस समजत होतो. ज्याचं नाव दगडावर असायला हवं होतं ते नव्हतंच, म्हणून मी माझंही काढून घेतलं. या हिशेबाला शौर्य म्हणायला आमच्या प्राध्यापक मंडळींचीच छाती लागते.

उद्घाटनाला गेलो नाही. सर्दीचं निमित्त होतं. कॉलेजची पोरं धोतरं नेसवून नाचवली, असं ऐकलं. फोटोत त्यांतला एकजण मोबाइल बघत होता. सगळ्या कार्यक्रमात खरं वागणारा तेवढा एकच.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी सकाळी दारात रिक्षा थांबली. अक्का. खांद्याला पिशवी, पिशवीतून वर आलेला लाकडी दांडा.

"गावमां बठ्ठा सांगतस, तुना भाऊना पुतळा बसाडा म्हने," ती म्हणाली. "मी म्हनं, दखी येऊ. चाल, दखाड."

माझ्या बायकोने पोहे केले. अक्काने ते सावकाश खाल्ले. मला तोवर वाटत होतं, काहीतरी होईल, बस बंद असेल, पाऊस येईल. काही झालं नाही. आम्ही बसने गेलो. तापीचा पूल आला तेव्हा तिने खिडकीतून नदीला हात जोडले. पुढे केळीच्या बागा सुरू झाल्या आणि ती म्हणाली, भाऊ पहिल्यांदा सुट्टीत घरी आला तेव्हा इथून घड घेऊन आला होता, वसतिगृहाच्या पोरांनी चोरलेला. मी तो घड चोरताना टॉर्च धरली होती. ते मी सांगितलं नाही.

चौकात आम्ही पुतळ्यासमोर उभे राहिलो. अक्काने वर बघितलं. मिशा बघितल्या.

"हाऊ कोन शे?"

"कोणी नाही, अक्का."

"मंग मना भाऊ कोठे शे?"

मी ग्रॅनाइटवरच्या ओळीकडे बोट दाखवलं. ती चौथी शिकलेली. एकेका अक्षरावर बोट ठेवत तिने वाचलं. "भाविकाने" पाशी बोट थांबलं, पुढे गेलं, संपलं. मग तिने हात पदराला पुसला, जसा काही ओलं लागल्यावर पुसतात.

कॉलेज सुटलं होतं. बसची वाट बघणारी पोरंपोरी पुतळ्याच्या कठड्यावर बसली होती. एक मुलगी मिशांसोबत सेल्फी काढत होती. पिशवीतला दांडा बघून तिने विचारलं, "आजी, जत्रेला आलात का?"

"नही बाई. मी मना भाऊले दखाले येल शे."

"कुठे राहतात ते?"

अक्का वळली. पुलाकडे जाणाऱ्या उतारावर केळीने भरलेला एक ट्रक उभा होता. ड्रायव्हर चहा पिऊन नुकताच वर चढला होता, इंजिन चालू केलं होतं. अक्का चालत गेली, पिशवीतून मोगरी काढली आणि ट्रकच्या पुढच्या चाकाखाली सारली. पायाने एक ठोकर देऊन घट्ट बसवली.

"ओ मावशी! काय करता? मला दिल्लीला माल न्यायचाय!"

"ले ना. काढ आनि जाय."

ड्रायव्हर शिव्या घोळवत खाली उतरला. वाकला. हात मोगरीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. तो सरळ झाला आणि एकदम मवाळ आवाजात म्हणाला, "ही मोगरी आहे ना? कोणाची?"

"मना भाऊनी."

"मग मी कशी काढू? तुम्हीच काढा ना मावशी."

"काढसू. आधी याले सांगू दे." तिने माझ्याकडे हनुवटी उडवली. "हाऊ मास्तर शे. यानीच ते दगडवर लिखेल शे."

कठड्यावरची पोरं उतरून जवळ आली. काहींनी मोबाइल वर धरले. चहावाला गाळणी हातात घेऊन बाहेर आला. मागे दोन रिक्षा तुंबल्या होत्या आणि हॉर्न वाजवत होत्या. मी सुरुवात केली.

"बारागाड्या ही खान्देशातील एक प्राचीन..."

"आसं नही!" अक्का ओरडली. "मना भाऊनं सांग. कोन व्हता, काय मांगे, कोनी मारं."

"सर, सांगा लवकर," ड्रायव्हर म्हणाला, "नाहीतर केळी गाडीतच पिकतील."

पोरं हसली. अक्काही हसली, पण मोगरीवरचा पाय तिने काढला नाही. मी पुतळ्याकडे पाठ केली.

"इथे एक वसतिगृह होतं," मी म्हणालो.

"कुठे?" सेल्फीवाल्या मुलीने विचारलं.

इंजिनाच्या आवाजात मी काय उत्तर दिलं ते तिला ऐकू गेलं नाही. तिने कानामागे हात धरला. ड्रायव्हरने ते पाहिलं, केबिनमध्ये हात घातला आणि गाडी बंद केली.